उंबराच्या पानांची किनार

२२ जुलै, मंगळवार

फोल्डर गायब! आप्पांची उंबराच्या पानांची साडीची किनार संगणकातल्या आतल्या मशीनमध्ये अडकून बसली. शनिवारी शहापुरात मागाची भोकांची कार्डं पाडायला द्यायची, तरच गणपतीच्या आधी मागावर चढेल. आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, थरथरत्या हातानं चार महिने चौकटीच्या कागदावर काढलेली किनार. एप्रिलमध्ये मी ती संगणकात भरली, आणि जुना माल संपेपर्यंत आम्ही थांबलो.

आमचा डिझाइनचा प्रोग्राम लिनक्सवरच चालतो, म्हणून विंडोजच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, संगणकातला दुसरा संगणक. आतली फाइल बाहेर येते ती दोन्हींच्या सामायिक फोल्डरमधून, आणि ते जोडतात गेस्ट टूल्स. त्यांची कमांड दिली तर उत्तर — 'कमांड नॉट फाउंड'. तीनदा दिली. जोरात टाइप केलं म्हणजे ऐकेल!

२३ जुलै

दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. वेळ नाही.

२४ जुलै, गुरुवार

अमावास्या. आमच्या वडगावात या दिवशी माग बंद. खडखडाट थांबला की मला सुचतं, आप्पांना मात्र करमत नाही — सारखे आत-बाहेर.

सगळी डिस्क शोधली. वाटलं, पाथ चुकला असेल. नाही. कमांड हरवलेली नाही, ती नाहीच! मग पॅकेजचा लॉग उघडला, काय घातलं-काढलं त्याची नोंद. १ मे, सकाळी दहा — टूल्स काढली. अपडेटमध्ये उडाली नाहीत, कुणीतरी हातानं काढली.

घरात हे जमणारे दोघंच. मी आणि सौरव, माझा दीर.

२५ जुलै, शुक्रवार

सौरवला धरलं. मान खाली. "आप्पांनीच काढायला सांगितलं वहिनी, किनार भाईर जाऊ नये म्हणून. आदल्या दिशी नागेंद्र येऊन गेलता न्हवं, अक्षय तृतीयेला."

नागेंद्र माझा भाऊ. निपाणीत यंदा दोन यंत्रमाग टाकलेत. म्हणजे मी किनार माहेरी पोचवीन म्हणून! नवी किनार फुटली की आठ दिवसांत बाजारभर होते, हे मला कळत नाही? नऊ वर्षं आहे मी या घरात. इतकं लागलं मनाला.

तशीच आप्पांपुढे उभी राहिले. "माझ्या भावाला चोर समजता?" आप्पांनी वर बघितलं नाही. "चुकलं बाई माझं. लई वाईट केलं. घाल परत काय घालायचं ते." आणि हात जोडले! सत्तरीचा माणूस. मीच ओशाळले.

टूल्स परत घातली. आधी नुसता स्क्रीन नीट झाला, कमांड नाहीच — ती वेगळ्या पॅकेजमध्ये असते. तासभर गेला हे कळायला. मग फोल्डर दिसलं. आप्पा मागे उभे होते.

"आली गं?"

"आली."

२६ जुलै, शनिवार

कार्डांसाठी जाताना खडेबाजारात एका दुकानाच्या दारात साडी टांगलेली. उंबराची पानं. देठाशी तोच बाक. "निपाणीचा माल हाय ताई, नवीनच आलाय."

अक्षय तृतीयेला नागेंद्र गेल्यावर मीच त्याला स्क्रीनचा फोटो पाठवला होता. फोनवरून. नुसतं कौतुक — बघ, माझे सासरे काय काढतात! विसरूनही गेले होते.

घरी अजून सांगितलेलं नाही. काल आप्पांनी माझ्यापुढे हात जोडले.