छताची द्राक्षं आणि माझी राखण

६ ऑक्टोबर २०२४
हंगेरियन हॉल, मागची खोली, कॅनडा

रविनाताईस मिथुनचा सा. न. वि. वि.

कुंपण मी उघडलं नव्हतं, हे तुला किती वेळा सांगू? बारा वर्षं झाली, चिकूची ती वाडी विकून तिथे रिसॉर्ट झालं, तरी फोनवर तुझं तेच. मी फोन कापतो, मग तू रडतेस. म्हणून आता कागदावर भांडतो. चिमण आणि पोरं वाडीत शिरली, मी नुसता बघत होतो. बाबांची राखणदारी माझ्यामुळे गेली हे मला मान्य नाही. माझा आवाज आला की बाबा फोन आईकडे देतात, एवढं मान्य.

असो. आता माझी फजिती ऐक, आणि बाबांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाच.

सकाळी शेठच्या मोटेलात चादरी बदलतो, दुपारी शेजारचा हॉल झाडतो, हे तुला माहीत आहे. हॉल हंगेरीवाल्यांचा. हंगेरी कुठे आहे ते मला विचारू नको, भूगोलाच्या तासाला मी झाडावर असायचो. एवढं कळलं की यांचे आजे शंभरेक वर्षांपूर्वी इथे तंबाखूच्या शेतांत मजुरीला आले. इथली भाषा येईना, म्हणून रविवारी एका जोडे शिवणाऱ्याच्या स्वयंपाकघरात जमून आपल्या भाषेत पोटभर बोलायचे. त्याचाच पुढे क्लब झाला. हॉलच्या विटा त्यांनी स्वतः रचल्या. एक भिंत वाकडी आहे, कारण त्या दिवशी कुणाचं तरी लग्न होतं आणि सगळे पिऊन आले होते. छप्पन साली तिकडे रशियाचे रणगाडे फिरले, तेव्हा आणखी लोक पळून आले आणि चारशे मेंबर झाले. आता एकतीस उरलेत, त्यातले नऊ काठी टेकत येतात. हे सगळं इलोनाआजीने सांगितलं. ऐंशीची आहे, क्लबचं स्वयंपाकघर तीच बघते. ही माणसं आडनाव आधी आणि नाव मागून लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं, फक्त छडी नव्हती.

दर वर्षी यांचा सुगीचा नाच असतो. छताखाली जाळी बांधून द्राक्षांचे घड टांगतात. इलोनाआजी म्हणाली, यंदा राखण तू कर. ताई, माझी छाती फुगली. आयुष्यात घरात एकच धंदा बघितला, तो राखणीचा. पोछ्याचा दांडा घेतला, बाबांसारखे दोरीला रिकामे डबे बांधले आणि नजर वर लावून उभा राहिलो. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अध्यक्ष लास्लोकाका नाचता नाचता टाचा उंचावून घडाला हात घालायला लागले. मी झडप घालून मनगट धरलं आणि चोर चोर म्हणून ओरडलो, तेही मराठीत. बाजा थांबला. पुढे तासभर एकाचाही हात वर गेला नाही. मी खूश.

मग आजीने मला कोपऱ्यात नेलं. द्राक्षं चोरायचीच असतात म्हणे. राखणदाराने जरा पाठ फिरवायची, चोराने घड तोडायचा, मग त्याला पकडायचं आणि त्याने सगळ्यांसमोर कबूल होऊन घडामागे एक डॉलर दंड भरायचा. त्या दंडातून छप्पर दुरुस्त होतं. पहिल्या वर्षी द्राक्षं परवडली नाहीत तेव्हा त्यांनी कांदे टांगले होते. लोकांनी कांदे चोरले आणि दंडही भरला. इतक्या वर्षांत एकही घड न गेलेला नाच हाच पहिला. क्लबच्या इतिहासाची वही आहे, तिच्यात तसं लिहिणार आहेत. घे, तुझ्या भावाचं इतिहासात नाव लागलं.

काकांचं मनगट निळं पडलंय. तरी त्यांनी मला काढलं नाही, उलट उरलेली पेटीभर द्राक्षं दिली. तीन दिवस तीच जेवतोय.

बाबा हसले का, तेवढं कळव. राग थोडा कमी कर, माया आहे तेवढी पुरते.

तुझा भाऊ,
मिथुन


८ नोव्हेंबर २०२४
तलासरी

चि. मिथुन यास रविनाताईचे अ. उ. आ.

तुझं अक्षर बघून पोस्टमनने विचारलं की हे पत्र डॉक्टरचं आहे का. इकडे भात झोडून झालं, आई बरी आहे.

अंगणवाडीतून आल्यावर ओट्यावर बसून वाचलं. बाबा पाठ करून विळ्याला मूठ बसवत होते. डब्यांपाशी आले तेव्हा त्यांची पाठ हलायला लागली. मनगटापाशी खोकला आला, मग पाणी मागितलं. आई म्हणते, ते हसणंच होतं.

मग त्यांनी पाठ फिरवण्याचा भाग पुन्हा वाचायला लावला. दोनदा. आणि जे बोलले ते मलाही ठाऊक नव्हतं. त्या दुपारी ते विहिरीपाशी होते. तू कुंपणाची तार सोडताना त्यांनी बघितलं. पिशवीभर चिकूंनी वाडी ओस पडत नाही, असं म्हणून पाठ फिरवून विडी ओढत बसले. वाडीच्या शेठने कोण होतं ते विचारलं, यांनी दिसलं नाही म्हणून सांगितलं, म्हणून काम गेलं. कामाचं त्यांना काही नाही. पोरगा आज सांगेल, उद्या सांगेल, अशी वाट बघत बसले, आणि पोरगा म्हणतो मी नुसता बघत होतो. हंगेरीवाले शहाणे आहेत म्हणाले. इथे राखणदाराची पाठ फिरवून झाली, चोर अजून कबूल व्हायचा आहे.

आता मी काही बोलत नाही. स्वेटर घालत जा. तुझी आठवण रोज निघते, भांडणासकट.

तुझी ताई,
रविना


१ डिसेंबर २०२४
तोच हॉल, तीच वाकडी भिंत

तीर्थरूप बाबांस मिथुनचा शि. सा. न.

कुंपण मी उघडलं.

तार दोन ठिकाणी सोडली, तिसऱ्या ठिकाणी बोट कापलं. ती खूण अजून आहे, ताईला ती विळ्याची म्हणून सांगितली होती. चिमणने पिशवी भरली. मी झाडावर बसून पाच चिकू खाल्ले, त्यातले तीन कच्चे. संध्याकाळपर्यंत ओठ चिकाने चिकटलेले, आणि आईला वाटलं पोरगं आज शहाण्यासारखं गप्प आहे. चोरीसुद्धा धड जमली नाही.

वाडीचा शेठ तुम्हाला बोलत होता तेव्हा मी टाकीमागे उभा होतो. पुढे यायला चार पावलं होती. ती चालता आली नाहीत, म्हणून इतका लांब आलो.

इलोनाआजीला सगळं सांगितलं. तिने दंड भरलास का एवढंच विचारलं. पुढच्या नाचात मला राखणीवरून काढलंय, चोर केलंय. लास्लोकाका स्वतः पकडणार, मनगटाचा हिशोब आहे म्हणतात.

पुढच्या फोनला आईला हाक मारू नका, एवढी मेहेरबानी करा.

तुमचा,
मिथुन

ता. क. घरखर्चाचे पैसे ताईच्या खात्यावर नेहमीसारखे जातील. या वेळी वर थोडे जास्त पाठवलेत, हे त्यात धरू नका. हे तिने ओट्यावर, आईसमोर, तुमच्या हातात द्यायचे. पाच चिकू, पाच डॉलर दंड, म्हणजे आपले तीनशे रुपये.