स्मर्नाच्या बिशपांचं जेवण

सिस्टर,

२६ जानेवारी १९३७, मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं. कॉन्व्हेंट शाळेच्या हॉलमधलं घड्याळ माझ्या अगदी समोर होतं, म्हणून इतकं नेमकं सांगते. त्या मिनिटाला तुम्ही भर नाटकात रंगमंचावर आलात आणि माझ्या डोक्यावरची बिशपची पुठ्ठ्याची टोपी काढून घेतलीत. मी तेरा वर्षांची होते.

नाटक तुम्हीच लिहिलेलं. स्मर्ना शहराचे म्हातारे बिशप शेतावरच्या घरात लपलेले असतात. रोमन शिपाई पकडायला येतात, तर हे त्यांनाच जेवायला वाढतात आणि प्रार्थनेसाठी तेवढा एक तास मागून घेतात. पुढे मैदानात अधिकारी म्हणतो, ख्रिस्ताला शिवी द्या, सोडून देतो. ते म्हणतात, ज्यानं जन्मभर माझं काही वाईट केलं नाही, त्याला शिवी कशी देऊ? आणि जळायला उभे राहतात. ते वाक्य घोकून घोकून मी घरच्यांना वीट आणला होता. पण ते वाक्य यायच्या आधीच तुम्ही मला खाली उतरवलंत. कारण काय, तर शिपायांना वाढून झाल्यावर मी स्वतःच्या ताटाभोवती पाणी फिरवलं आणि चार शितं बाजूला काढून ठेवली. आमचे वडील रोज तसं करत. घरातला वडीलधारा पुरुष जेवायला बसताना आणखी काय करतो, हे मला कुठून ठाऊक असणार? पहिल्या रांगेतले पाहुणे फादर हसले, मग सगळा हॉल हसला. "यू हॅव मेड हिम अ ब्राह्मिन!" तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात. उरलेलं हौतात्म्य दुसऱ्या मुलीनं उरकलं, तेही खोकत खोकत.

मागच्या मंगळवारी इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला शेजारीण मला तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली. वाचनालयातून रिटायर झाल्यापासून मी कुणी नेईल तिथे जाते. तर त्या दिवशी तेच बिशप! आपल्या वेळी २६ जानेवारीला असायचा तो त्यांचा दिवस आता फेब्रुवारीत करतात. तिथले फादर म्हणाले, बिशपांनी शत्रूला आपल्या घरच्या रीतीनं जेवू घातलं. मी शेजारणीला कोपरानं ढोसलं. ऐका सिस्टर, घरच्या रीतीनं! मग ते म्हणाले, शिपायांनीही त्यांना तो तास दिला. त्यानंतर मला तिथे बसवेना.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, फिफ्टी इयर्स झाली! लेट इट गो ना."

"तुला काय जातंय? टोपी तुझी नव्हती."

"पण शी इज डेड, आई."

तेच तर. १९६७ साली आम्ही अमेरिकेला निघालो, त्याच्या आदल्या महिन्यात माझी एक वर्गमैत्रीण तुमचा निरोप घेऊन आली. "सिस्टर फार आजारी आहेत गं. तासभर येऊन जा म्हणाल्यात. तुला काहीतरी सांगायचंय त्यांना."

"तीस वर्षं थांबल्या ना? अजून थांबतील."

"अगं, इतकं काय धरून बसतेस!"

मला वेळ नव्हता, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. वेळ होता. त्या दुपारी मी शिंप्याकडे बसून होते, ब्लाउजच्या बाह्या उसवून घेत. आम्ही इथे पोचलो आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच मैत्रिणीचं पत्र आलं. तुम्ही गेला होतात. तुम्हाला काय सांगायचं होतं, ते तिलाही सांगितलं नव्हतंत.

तेव्हा ते आता मला लेखी कळवा. माफी मागायची असेल तर माफी, पुन्हा ओरडायचं असेल तर तसं. मी दोन्ही वाचेन. ईस्टरपर्यंत, म्हणजे ३ एप्रिलच्या आत उत्तर हवं. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, पण ती सबब चालायची नाही.