रोहूच्या ओठावरची हळद

शेंद्रा,
ता. ६ एप्रिल २०२५

चि. अमृतास अ. उ. आ.

आज पहाटे घुंगरू ऐकू आलं. कानाचं यंत्र उशाशी काढून ठेवलेलं होतं, तरी आलं. म्हणजे ते आजचं नव्हतं. पासष्ट वर्षांपूर्वीचं होतं. फर्दापूरचा नूरमोहम्मद तुला आठवत असेल. लेण्यांच्या पायथ्याशी दगडांच्या माळा विकतो, लहानपणी तुला एक जांभळी माळ दिली होती त्यानं. माझ्या लहानपणी तो इथंच, आमच्या गल्लीत राहायचा. त्याच्या शेळीच्या गळ्यातलं घुंगरू सोडवून आम्ही गळाच्या काठीच्या शेंड्याला बांधायचो. काठी तलावाच्या काठी रोवलेली, दोरी पाण्यात, आणि आम्ही दोघं बाभळीखाली पालथे पडून शाळेतल्या कविता म्हणणार. मासा लागला की घुंगरू वाजायचं. आधी एकदाच, भीत भीत. मग सारखं. त्यासारखा गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही. तुझ्या आजीच्या बांगड्यांचा सोडून.

आता कामाचं. पाडव्याला तू नाशिकहून आलीस, पुरणाची पोळी नेहमीप्रमाणे दुधात बुडवून खाल्लीस, फार बरं वाटलं. कानाच्या यंत्राच्या नव्या बॅटऱ्या आणल्यास त्याबद्दलही आभार. दुपारी मला तलावावर नेलंस आणि तुझी ती चकचकीत गळकाठी दाखवलीस. एवढा मोठा रोहू मासा गळाला लावलास आणि सोडूनही दिलास. मी त्याच्या फाटक्या ओठाला हळद लावली हे तू पाहिलंच आहेस. संध्याकाळच्या बसनं तू गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला गेलो, तर तो काठाच्या गवतात उलटा पडलेला. ओठावर माझी हळद तशीच होती. जीव तेवढा नव्हता.

अमृता, आम्ही मासे मारले, पण ताटाला नमस्कार करून खाल्ले. ज्याला भूक नाही त्यानं दुसऱ्याच्या तोंडात काटा का घालावा? धरायचं, फोटो काढायचा, सोडायचं, आणि वर दया केली म्हणायचं. अशी दया मला चाळीस वर्षांच्या मास्तरकीत कुठल्या धड्यात भेटली नाही. मी काही तुझ्यावर कधी हुकूम सोडला नाही. हा पहिला. आखाजीच्या सणाला आमरसाला जरूर ये, पण ती काठी घेऊन या उंबरठ्याच्या आत येऊ नकोस. जमलं तर कायमचीच टाक.

हापूस इथं अजून महाग आहे, केसर येईल. मनकर्णाबाई शेजारून भाकरी देतात, पोटाची काळजी नको. उत्तर पाठव, फोनवर मला फक्त खरखर ऐकू येते.

लोभ आहे, तो उन्हाळ्यातल्या तलावासारखा आटू देऊ नकोस.

तुझा,
आबा

*

नाशिक,
ता. १२ एप्रिल २०२५

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कंपनीच्या पत्त्यावर आलं. आमच्या विभागात माझ्याशिवाय कुणालाच पत्र येत नाही, त्यामुळे सगळे कौतुकानं बघतात. सायलीनं, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं, विचारलं की हे इतकं सुंदर अक्षर छापलेलं आहे का. मी सांगितलं, आमच्या आबांचं आहे, आणि या अक्षरात रागावून घेण्यातही एक मान असतो.

आबा, मासा मेला हे वाचून मी डबा उघडला नाही. तो पाण्यात शिरताना तिरका पोहत होता ते मी पाहिलं होतं. जगेल असं मनाला समजावलं आणि बस पकडली. चूक माझी आहे. चैत्रातलं ऊन, तलावात गुडघाभर कोमट पाणी. अशा वेळी मासा आधीच दमलेला असतो. जाणत्या माणसानं गळ टाकायलाच नको होता. तुम्हाला दाखवायची हौस नडली.

तुम्ही विचारलंत, भूक नाही तर का. खरं सांगते. आजी गेल्यावर मला सात-आठ महिने नीट झोप लागत नव्हती. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुमची झोपही तिच्याबरोबरच गेली होती. एका रविवारी सायली मला धरणावर घेऊन गेली. तिथं चार तास दोरीच्या टोकाकडे बघत बसले आणि चार तासांत दवाखान्यातली आजीची ती शेवटची खोली एकदाही आठवली नाही. मासा लागला, हातात घेतला, तो थंड आणि पूर्ण जिवंत होता. सोडला तेव्हा कुणीतरी माझ्या हातातून जाऊन बरं झालं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. माशाला त्यातून काय मिळतं, ते मला ठाऊक नाही. त्याला दुखत असणार. म्हणून तुमच्याशी वाद घालत नाही.

गळकाठी येत्या २७ तारखेच्या रविवारी सायलीला कायमची देऊन टाकते. आखाजीला हात मोकळे घेऊन येईन. आमरसाच्या वाटीला दोन्ही हात लागतातच.

*(इथे दीड ओळ गडद शाईनं गिरवून खोडलेली.)*

खाडाखोडीचे दोन गुण कापा. बाकी माझं छान चाललंय. तुम्ही मला वाढवलंत, त्याचे आभार मानायला पत्राचा कागद कधीच पुरला नाही, म्हणून दर वेळी राहून जातं.

तुमच्या मायेची सावली अशीच राहू द्यावी.

तुमची,
अमृता

*

शेंद्रा,
ता. १६ एप्रिल २०२५

जिवलग मित्र नूरमोहम्मद यास सप्रेम नमस्कार व सलाम.

पत्रास कारण, मला पंच हवा आहे, आणि माशांच्या बाबतीत तुझ्याइतका जाणता मी दुसरा पाहिला नाही.

माझ्या नातीला मासे धरून सोडायचा नाद आहे. पाडव्याला तिनं आपल्याच तलावात एक रोहू लावला. दीड हात लांब, पोट चांदीचं, कल्ल्याशी गुलाबी झाक. आता माझ्या परीनं मी काय केलं तेही लिहितो, म्हणजे तुला निवाडा करता येईल. ती त्याला चटकन सोडायला निघाली होती. मी थांबवलं. त्याचा ओठ फाटला होता. मी माझा धुतलेला, कोरडा, स्वच्छ पंचा काढून त्याला लेकरासारखं गुंडाळलं, अंग नीट पुसलं. खिशात तेलात कालवलेल्या हळदीची डबी असतेच. शाळेतल्या हजार पोरांचे गुडघे तिनं बरे केलेत. ओठाला बोटानं हळद लावली. मग वाटलं, मुक्या जिवाला असं बिननिरोपाचं कसं पाठवायचं? त्याच वेळी सुचलेली कविता त्याला म्हणून दाखवली:

जा पाण्याच्या पोरा, आपुल्या तू घरी;
चुकून झाली भेट, राग नको उरी.

अशी चार कडवी. पोरगी मध्ये दोनदा आबा, आबा म्हणाली, पण कविता मध्येच तोडू नये. मग त्याला पाण्यात ठेवलं. एवढं करूनही दुसऱ्या दिवशी मेला.

भूक नसताना गळ का टाकावा, असं मी तिला खडसावून लिहिलं आणि काठी टाकायचा हुकूम सोडला. तिनं सगळी चूक कबूल केली आणि काठी टाकायचंही मान्य केलं. मी जिंकलो, तरी घास गोड लागत नाही. तिच्या पत्रात दीड ओळ खोडलेली आहे. मी ती उन्हात धरून पाहिली, पाठीमागून पाहिली. नुसता एक ‘पंचा’ असा शब्द असावा असं वाटतं. पंच्याचं काय?

तू लिही. आपल्या मैत्रीला गंज चढला असेल तर तो माझ्याच आळसाचा.

तुझा,
सर्जेराव

*

फर्दापूर,
ता. २१ एप्रिल २०२५

सर्जेराव गुरुजींना नूरमोहम्मदचा सलाम.

लाल पेन खिशातच राहू दे, मग वाच. मी चवथीला तुझ्याच पाटीवर बघून लिव्हायचो, त्यामुळं ज्या चुका निघतील त्या तुझ्याच.

इथं खैरियत आहे. गुडघे गेलेत. सात वर्षांत सिल्लोडच्या पुढं गेलो नाय. दुकान लेक बघतो, मी फक्त गिऱ्हाइकाला चहा विचारतो. तुझी चिठ्ठी आली तेव्हा लई बरं वाटलं. दोनदा वाचली. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा हसू आलं नाय.

मासा पोरीनं नाय मारला, सर्जा. तू मारलास.

माशाच्या अंगावर बुळबुळीत असतं ना, ज्याला तू घाण समजून पुसलंस, तोच त्याचा सदरा आन् तीच त्याची दवा. कोरड्या पंच्यानं तू त्याला उघडा केला. हळदीनं लेकराचा गुडघा बरा होतो, कारण लेकरू हवेत राहतं. माशाला घटकाभर हवेत धरणं म्हणजे आपलं मुंडकं पाण्यात दाबणं. त्यात चैताचं ऊन. आन् त्यात तुझी चार कडवी. शाळेत तुझ्या दोन कडव्यांतच मी गुदमरायचो, आन् मला तर हवेत श्वास घेता येतो.

मासा ओल्या हातानं धरायचा. काटा काढायचा, दहा मोजायच्या आत पाण्यात. माझ्या बापानं अंड्यांनी भरलेल्या माद्या अशाच सोडल्या, जल्मभर. पोरीला हे समदं ठाऊक असणार. म्हणून तर आबा, आबा म्हणाली. ती जी ओळ खोडली ती हीच. म्हाताऱ्याच्या दयेनं मासा मेला हे त्याला कळू नये म्हणून तिनं खून आपल्या अंगावर घेतला आन् आवडीची चीज टाकून दिली. असं नातवंड ज्याला आहे त्यानं मला पंच नेमू नये, शुकराना करावा.

आता तुझा सवाल, भूक नसताना गळ का टाकावा. खाणारा धरतो त्याला कारण असतं, खेळणाऱ्याला ते शोधावं लागतं. पोरीला विचार, हुकूम करू नको. पण एक तूच मला सांग. तुझ्या घरी दोन म्हशी होत्या, कणगी भरलेली होती. मासा लागला की तू मला देऊन टाकायचास, आन् आमच्या घरी त्या दिवशी कालवण व्हायचं. माझ्या अम्मीनं तुझं नाव घेऊन किती दुवा दिली, तुला कधी सांगितलं नाय. पण तू भुकेनं येत होतास व्हय? तू घुंगरू ऐकायला यायचास.

ते घुंगरू अजून माझ्यापाशी आहे.

दुवेत याद ठेव, मी ठेवतोच.

तुझा,
नूरमोहम्मद

*

शेंद्रा,
ता. २६ एप्रिल २०२५, शनिवार

चि. अमृतास अनेक आशीर्वाद, आणि आज पहिल्यांदाच, नमस्कारही.

हे पत्र पोचायच्या आधी उद्याचा रविवार येईल, म्हणून सकाळी तुला फोन केला. काठी देऊ नकोस, असं तीनदा ओरडलो. मनकर्णाबाई भाकरी तव्यावर टाकून धावत आल्या, त्यांना वाटलं घरात साप निघाला. पलीकडून तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही. हसलीस की रडलीस तेही कळलं नाही. कुठलंही असो, काठी जवळच ठेव.

कारण लिहितो. नूरमोहम्मदनं माझी उत्तरपत्रिका तपासून पाठवली आहे. कोरडा पंचा, हळद, चार कडवी. तिन्ही प्रश्न चुकले. तुझी ती खोडलेली दीड ओळ आता मला स्पष्ट वाचता येते. आयुष्यभर मी पोरांना शिकवलं की खोडलेल्याला गुण नसतात. अमृता, या दीड ओळीला मी पैकीच्या पैकी देतो.

काल दिवसभर त्या माशाला आठवत होतो. माझ्या हातांत त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि मला वाटत होतं तो कविता ऐकतोय. इतकी वर्षं वर्गात पोरांची तोंडं अशीच उघडी असायची. त्यातली किती ऐकत होती आणि किती गुदमरत होती, देव जाणे. सकाळी तलावावर गेलो, त्याची माफी मागितली. एका ओळीत.

माझा प्रश्न अजून मिटलेला नाही, हेही सांगतो, नाहीतर तुला वाटेल आबा भावनेच्या भरात पाघळले. काटा तो काटाच. पण नूरमोहम्मदनं मला आरसा दाखवला. पोरवयात मलाही भूक नव्हती. मी त्या आवाजासाठी जात होतो, आणि तुझी आजी गेल्यावर तू त्या चार तासांसाठी जात होतीस. आपल्या सुखासाठी पाण्यातला एक जीव आपण घटकाभर मागून घेतो. मागून घेतलेली वस्तू जशी जपून, लवकर आणि धड परत करतात, तशी तरी करावी, एवढंच मला आज कळतं. उन्हाळ्यात मागूच नये. पाऊस होऊन तलाव भरला, पाणी गार झालं की आपण दोघं जाऊ. तू ओल्या हातानं धर. मी दहा आकडे मोजीन. कविता तो गेल्यावर म्हणेन, पाण्याला. आणि एखाद्या दिवशी तुलाच वाटलं की पुरे झालं, तर तो निर्णय तुझा. माझा हुकूम मी परत घेतो.

तू आजीची ती खोली इतके महिने एकटीनं मनात सांभाळलीस आणि मला कळू दिली नाहीस. मीही तीच खोली सांभाळत होतो. आता आखाजीला आमरस खाताना दोघं मिळून तिच्याबद्दल बोलू. ज्या धरणानं तुला झोप दिली त्याचे आभार, तुला तिथं नेणाऱ्या सायलीचे आभार, तुझ्या हातातून निसटून गेलेल्या सगळ्या माशांचे आभार. सायलीलाही आमरसाला घेऊन ये.

थांब. घुंगरू वाजलं.

यंत्र काढून टेबलावर ठेवलेलं आहे, म्हणून आधी लक्ष दिलं नाही. वाटलं पासष्ट वर्षांपूर्वीचंच. पुन्हा वाजलं. आधी एकदाच, भीत भीत. मग सारखं. उठून दार उघडून आलो आणि ही शेवटची ओळ उभ्यानंच लिहितोय: सात वर्षांत सिल्लोड न ओलांडलेला नूरमोहम्मद दारात उभा आहे, एका हातात घुंगरू बांधलेली काठी, आणि खांद्यावर अंगणातल्या नळावर नुकताच भिजवलेला पंचा, ज्याचं पाणी आपल्या उंबरठ्यावर टपटप गळतंय.

तुझा,
आबा