फणसाचा वास येणारी गाडी

रविवार संध्याकाळ, बोरीवली

आज गाडी विकायची होती. वर्षभर मीच सुहासच्या मागे लागले होते, की हे धूड काढ आणि छोटी गाडी घे, सोसायटीत पार्किंगची वाट लागते. शेवटी आज एक जोडपं बघायला आलं. आमचे नवरोबा म्हणाले, "तूच दाखव, मला नाही जमणार," आणि वर जाऊन बसले.

विकायची तर कौतुक करायला हवं ना? केलं. आठ माणसं घेऊन घाटात कधी दमली नाही. मागचं दार हाताने लागत नाही, कमरेने धक्का द्यावा लागतो, तोही देऊन दाखवला. मे महिन्यात गावाहून येताना फणस गडगडू नये म्हणून सासूबाई तो मांडीवर घेऊन बसतात... थांबेचना मी. विकत होते की काय करत होते?

तेवढ्यात त्या बाईने नाक मुरडलं. "आत कसला वास येतोय?"

"फणसाचा."

"जाईल ना? नीट धुऊन घेऊ."

धुऊन! मी दार लावलं, कमरेनेच. "सॉरी हां, आम्ही नाही विकत."

वर सुहास दारातच उभा. "काय झालं गं?"

"माणसं बरी नव्हती."

खरं तर चांगली होती बिचारी.

तो अजून हसतोय. हसू दे. मी मघाशी गुपचूप खाली जाऊन गाडीत बसून आले. वास खरंच फिका झालाय. यंदा दोन फणस आणायचे.