राखेनं तुंबलेला संडास

आई, काल भर दुपारी येरमाळ्याच्या अलीकडं, हमरस्त्याच्या कडेला मी गाडीखाली उताणी पडून संडासाची टाकी साफ केली. नाक मुरडू नकोस. तुझ्या जावयाला लकवा मारला तेव्हापासून मी नाक मुरडायचं सोडलंय. कंबर अजून ठणकतीय, हाताचा वास तीनदा साबण लावून गेला, तरी उगंच हात हुंगून बघते. हे कुणाला तरी सांगावं वाटलं, आणि असल्या गोष्टी ऐकून घेणारी तूच होतीस.

गाडी कसली, ते तुला सांगावं लागंल. एसटीच्या निम्म्यानं असंल. आत दोन पलंग, शेगडी, आणि मागच्या कोपऱ्यात दार लावायचा संडास. चालत्या गाडीत! भांड्याखाली टाकी असते, ती भरली की खालची नळी सोडून रिकामी करायची. तुझ्या नातीनं पुण्यातल्या मैत्रिणीकडून ही गाडी मागून आणली, बापासाठी. जन्मभर एसटी चालवलेला माणूस, आणि लकव्यानंतर उंबऱ्याबाहेर पाय टाकेना. कारण एकच, लघवीला लागली की दम निघत न्हाई. "रस्त्यात झालं तर?" एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. लेक म्हणाली, मग संडासच संगं नेऊ. आठवडाभर गाडी दारात उभी होती. पायरी कशी चढायची, कठडा कुठं धरायचा, बसायचं कसं, उठायचं कसं, सगळं मी त्यांना शिकवलं, अंगणवाडीत पोरांना शिकवायचे तसं. बीडला जायचं ठरलं, त्यांच्या जुन्या कंडक्टरच्या घरी. सासूबाई पण निघाल्या. "मला सोडून जाता व्हय?" म्हणून आधीच गाडीत जाऊन बसल्या.

तुझा आणि माझा प्रवास आठवतो का गं? तेरहून तुळजापूरला निघायचं तर आदल्या संध्याकाळपासून तू पाण्याला शिवायची न्हाईस. चहा सुद्धा न्हाई. मी लहान, एसटीत मोठ्यानं म्हणाले, "आई, मला लागलीय." तू मांडीला असा चिमटा घेतलास की दोन दिवस निळं होतं. "गप बस. बाईच्या जातीनं कळ काढायची असती." मी रडतीय, बाजूची म्हातारी हसतीय, आणि तू खिडकीबाहेर बघतीयस. तुझे ओठ सुकून पांढरे झालेले मला आज दिसतात. तेव्हा मला तुझा राग आला होता. आता नुसती कीव येते, तुझी आणि माझी दोघींची.

तर काल. येरमाळा जवळ आलं, डोंगरावरचं देऊळ दिसायला लागलं, तसा ह्यांनी चालता हात कपाळाला लावला. मग संडासला गेले. आणि आतून नुसता हुंकार आला. दार उघडते तर भांडं काठापर्यंत भरलेलं, खालच्या सांध्यातून पाणी गळून त्यांच्या पायाखाली आलेलं, पायजमा भिजलेला. कठडा धरून उभे, डोळ्यांत पाणी. "घरी चल," म्हणाले. मी म्हटलं, अहो, होतं असं. तर ओरडलेच, "घरी चल म्हणतो ना!" तिथनं माघारी वळलो असतो तर हा माणूस पुन्हा खाटेवरून उठला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. लेकीनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "घे त्या ढाब्याला."

ढाब्याशेजारी गॅरेज होतं. तिथला माणूस वाकून बघून गेला. "ताई, इंजिन म्हणा, गिअर म्हणा, आत्ता करून देतो. ह्याला मी हात न्हाय लावणार." म्हटलं, बरं बाबा, तुझा हात राहू दे सोवळा, पाना तेवढा दे. पाना दिला त्यानं. ढाबेवाल्यानं मागच्या गटाराच्या चेंबरचं झाकण काढून दिलं, लेकीनं गाडी तिथवर मागं घेतली. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, तोंडाला पदर बांधला आणि शिरले खाली. नळी सोडली तर थेंब पडेना. सळई घातली तर खर्रखर्र. घाण अशी वाजत न्हाई. हाताला गाळ लागला, करडा, चिखलासारखा घट्ट. मला कळेना हे काय. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत आल्या.

"ती राख असंल. म्या टाकली."

"आत्या! किती?"

"रोज एक पाटी. पाणी तापवायच्या चुलीतली. वास मारत व्हता न्हवं? आपल्या खड्ड्यात टाकीत नव्हतो का?"

"अहो, हा काय आपला खड्डा हाय का?" मी खच्चून ओरडले. ढाब्यावरची माणसं वळून बघायला लागली. म्हातारी काठीवर भार टाकून खाली वाकली. मग हळूच म्हणाली, "तुज्यासाठीच तर सवय लागली ती."

आई, ह्यातलं पुढचं तुला ठाऊक न्हाई. माझ्या लग्नाच्या बैठकीत तू एकच गोष्ट विचारली होतीस, "घरात संडास हाय का?" सगळे पुरुष खो खो हसले. ह्यांचे चुलते म्हणाले, "बाई, पोरगी नांदायला द्यायची का हागायला?" तू पदर सावरत म्हणालीस, "दोन्हीला." मी दाराआड शरमेनं मेले होते. सासूबाईंनी हे ऐकलं होतं, काल त्यांनीच सांगितलं. लग्नाआधी त्यांनी परसात खड्डा खणून घेतला, भोवती तट्ट्या बांधल्या, आणि वास येऊ नये म्हणून रोज संध्याकाळी स्वतः जाऊन राख टाकायच्या. सून आली म्हणून. मला तेव्हा वाटायचं, ही रीतच असंल. काल गाडीखाली पडून मी ऐकलं की ते सगळं तुझ्या त्या एका शब्दापायी होतं. लेकीच्या घरचं पाणी न पिणारी तू, तो खड्डा तू कधी बघितलाच न्हाईस.

मग रागवायचं कुणावर? ढाब्यावरनं गरम पाणी मागून घेतलं, वरनं ओतायचं आणि खालनं सळईनं ढोसायचं. लगदे पडायला लागले. अंगावर पडले, केसांत गेले. हे खिडकीतून बघत होते. टाकी मोकळी झाली, तर सांध्यातला रबर फाटलेला. गॅरेजवाल्यानं जुन्या ट्यूबची चकती कापून दिली, लांबूनच टाकली माझ्याकडं. ती बसवली, वरनं पत्र्याची पट्टी पान्यानं आवळली. लेकीनं दोन बादल्या ओतल्या आणि मी खाली कोरडा कागद धरला. कागद कोरडाच राहिला.

ढाब्यामागं अंघोळ करून आले तर हे संडासात. आम्ही तिघी बाहेर श्वास धरून. बाहेर आले, सीटवर बसले, आणि वाकड्या तोंडानं लेकीला म्हणाले, "डबल!" कंडक्टर दोनदा घंटी मारतो ना, गाडी सोड म्हणून, ते. पोरगी हसता हसता रडायला लागली.

आज आम्ही बीडात आहोत. हे आणि त्यांचा कंडक्टर सकाळपासून जुन्या घाटांच्या गोष्टी करतायत. आता म्हणे पुढं पैठणला जाऊ, तिथनं नाशिकला. लेक नकाशा काढून बसलीय. सगळे मला म्हणतात, तुझ्यामुळं झालं. मी नुसती हसते. हा कागद तुझ्याकडं पोचायचा न्हाई, आणि लेकीच्या हाती लागायच्या आत फाडायचाय, म्हणून लिहिते. काल ती पट्टी आवळताना माझा हात थांबला होता. मनात आलं, गळू दे. गळलं तर घरी जाऊ, हे भिंतीकडं तोंड करून निजतील, आणि मला पण निजायला मिळंल. थोडा वेळ मी तशीच पडून राहिले. मग आवळली. पण ती ह्यांच्यासाठी आवळली, का लेक वाकून बघत होती म्हणून, ते अजून माझं मला सांगता येत न्हाई.