दारावरचा साहेब आणि अपूर्वाचं लग्न

जबलपूर

ती. बेबीताईस,

धाकट्या पुंडलिकाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी जिलबीपासून लांब आहेत ना? (नसणारच.) फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. इकडे सर्व क्षेम, फक्त मी सध्या रस्त्यावर असतो.

त्याचं असं झालं. आमच्या अपूर्वाचं लग्न घरच्याच अंगणात करायचं ठरलं, तेव्हा बंगल्याला बाहेरून नुसता रंग मारावा एवढाच विचार होता. तुला माहीतच आहे, आजोबांनी तो रेल्वेच्या गोऱ्या साहेबाकडून घेतला आणि तेव्हापासून आपण दर दिवाळीला जुना चुना न खरवडता त्यावरच नवा फासत आलो. यंदा घमापूरचे कारागीर खरवडू लागले, तर पापुद्रे गळत गळत अख्खी लाल विटांची कमान बाहेर आली! छपराच्या कडेला ज्यांना आपण हिरव्या फळ्या समजत होतो, ती ऑइलपेंटने बुजलेली लाकडी झालर निघाली, तुझ्या क्रोशाच्या रुमालाइतकी नाजूक. आणि दारावरचा तो उंचवटा, ज्याला गणपती मानून आई दर चतुर्थीला शिडी लावून शेंदूर फासायची? ताई, तो मिशाळ साहेब आहे. दगडाचा. मिशीचा केस न् केस कोरलेला. (परीक्षेला जाताना आपण त्याच्याच पाया पडायचो. मी गणितात का आपटलो ते आता कळलं.) तरीही मी हात जोडले. ज्याने हे कोरलं त्याच्यापुढे दुसरं काय करणार?

तेव्हापासून मी समोर खुर्ची टाकून बघत बसतो. ज्योती चहा तिथेच आणून देते आणि म्हणते, "लग्न पोरीचं आहे, तुम्ही घराकडे काहून असे पाहून राहिले?" परवा ओमती मोहल्ल्यातला डेकोरेशनवाला मांडवासाठी झालरीत खिळा ठोकू लागला. मी त्याची शिडीच गदागदा हलवली. खाली उतरून म्हणाला, "भैया, शादी घर में है कि अजायबघर में?" तोरण, रोषणाई, दाराशी हळदीचे हात, सगळ्यालाच मी नाही म्हटलं. अपूर्वा माझ्याशी बोलत नाही. पण ताई, एकदा येऊन बघ. रडू येतं गं.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुझा
पुंडलिक

ता. क. खरं कारण हे, की लग्न तुझ्याकडे नागपूरला करता येईल का? तुझ्या फ्लॅटच्या भिंतींत काय वाटेल ते ठोकता येतं.

आणखी ता. क. (ज्योतीकडून) ताई, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून हे लिहून राहिले. लग्न इथेच होईल. मांडव अंगणात बांबूंवर उभा करू, घराला एक खिळा नाही लागणार. तुम्ही फक्त यांना काही निमित्त काढून बोलवून घ्या आणि कन्यादानाला सोबत घेऊन या. आल्यावर दुपारी जरा बाहेर थांबा. ऊन त्या झालरीतून भिंतीवर उतरतं, तेव्हा मीही गॅस बंद करून बघायला येते. हे यांना कळू देऊ नका.