दिवा उजव्या वळणावर लागतो

प्रिय चिमणे,

अक्षर बघून दचकलीस ना? नेहमी तुझी आई लिहून देते, पण आज तिचं मनगट दुखतंय, म्हणून दुसरा लेखनिक धरून आणलाय. अक्षर त्याचं, बोलणं माझं. मधूनमधून तो सुस्कारे टाकतो, ते काही कागदावर उतरत नाहीत, म्हणून सांगून ठेवलं. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, मध्ये आपली अक्कल घालायची नाही, असं बजावलंय त्याला. त्यानं गाळलं तर मला काय कळणार म्हणा! मला कागदावरचं सगळं म्हणजे मुंग्यांची रांग.

आम्ही बरे आहोत, पण एका जागी बसवत नाही कुणालाच. तुझी आई पुसलेला ओटा पुन्हा पुसते. तुझ्या बापानं टेबल या भिंतीपासून त्या भिंतीला नेलं, मग परत आणलं. मी गुडघ्यांना दोष देत घरभर फिरते. गुडघे म्हणतात, आमचं नाव कशाला घेतेस?

आता गाडीची कथा ऐक. माझ्या गुडघ्यांच्या व्यायामाला तुझा बाप मला गाडीतून नेतो. एक दिवस गाडीतच, स्टिअरिंगपुढे, पिवळा दिवा लागला. तिथल्या आकड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण हे चित्र होतं, म्हणजे माझ्या इयत्तेतलं. छोटी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा, साप चालून गेल्यासारख्या. मी म्हटलं, “अरे, गाडी घसरतेय म्हणतेय ती.” तो म्हणाला, “आई, रस्ता कोरडा ठणठणीत आहे, कशाला घसरेल?” घरी येऊन त्यानं चाकांत हवा भरली. दिवा विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तर तुझ्या हुशार बापानं काय केलं असेल? त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली! दुखणं झाकलं की बरं होतं, हा त्याचा जुना इलाज. तुझ्या खोलीचं दारही तो असाच ओढून घेतो.

पण मी शेजारी बसते ना. नखानं पट्टीचा कोपरा उचलून ठेवला आणि सगळ्या वाटेत तिथेच डोळा लावला. मग ध्यानात आलं, सरळ रस्त्यावर दिवा गप्प असतो. उजवीकडे वळलं की लागतो. आणि तो लागला की गाडी चढावर दम गेल्यासारखी मागे ओढते. एकदा मागून ट्रक आला, आमची गाडी चौकाच्या मधोमध रेंगाळली, तेव्हा कुठे तुझा बाप गॅरेजला वळला.

मेकॅनिक मोठा नग आहे. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, आणि तिसरा शोधत असतो. त्यानं गाडीला यंत्र जोडलं आणि म्हणाला, पुढच्या डाव्या चाकाची तक्रार आहे. प्रत्येक चाक किती जोरानं फिरतंय ते त्याच्यापाशी बसवलेला सेन्सर वर कळवतो. चारांत एकाचं वेगळं दिसलं की गाडी समजते, हे चाक घसरलं, आणि आपणच इंजिनाचा जोर आवरते. सेन्सरवर चिखल बसला होता, तो त्यानं पुसला आणि म्हणाला, “झालं, आजी.” कसलं झालं? पहिल्याच उजव्या वळणावर दिवा! आम्ही उलट्या पावली परत. मी वळणाचं सांगितलं, तर तो आधी हसला. मग हसणं थांबवून गाडी उचलली, स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं आणि चाकाच्या आत डोकं घातलं.

तुझा बाप टॉर्च धरून उभा होता. आतून आवाज आला, “सापडली. वायर तुटलीय, पण वरचं आवरण शाबूत, म्हणून दिसत नव्हती. सरळ असलं की टोकं टेकतात, वळलं की सुटतात. चाक बिचारं सरळच चाललं होतं हो. त्याचा निरोप वर पोचत नव्हता, म्हणून त्याच्यावर घसरल्याचा आळ.” टॉर्चचा उजेड चाकावरून जमिनीवर आला. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, उजेड इकडे.” दोनदा सांगावं लागलं.

घसरल्याचा, म्हणे! तुझ्या सासरचा फोन आल्यावर तुझ्या बापानं दारात उभं राहून जो शब्द वापरला, तोच तो शब्द. “पाय घसरला हिचा.” त्यानंतर तू किती फोन केलेस, सगळे त्यानं कापले. मी विषय काढला की पाणी प्यायला उठतो. इतकं पाणी उंटही पीत नसेल.

तर आता लेखनिकानं नीट लिहावं. तुझा नवरा कामावर जाताना तुला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा. रोज. एक दिवस गॅसचा वास सुटला, तू खिडकीतून ओरडलीस, तेव्हा खालच्या म्हाताऱ्या सुतारानं हातोडीनं कुलूप फोडलं आणि तुला बसस्टँडवर सोडलं. सासरचे म्हणतात, दुसरा कुणीतरी होता. होता ना! सत्तरीचा, कवळी लावणारा, हातोडीवाला.

इथे पेन थांबलंय. लेखनिक विचारतो, “कुलूप?” मी म्हटलं, हो, कुलूप. उकार कुठला द्यायचा ते तुझं तू बघ.

चिमणे, यातलं तुला काय नवीन? कुलूप तूच सोसलंस, तुझ्या आईनं वाचून दाखवलेल्या पत्रांतून मला सांगितलंसही तूच. हे पत्र तुझ्या नावानं आहे, पण ते ज्याला ऐकवायचं होतं तो माझ्यासमोर बसून लिहितोय. तुझ्या आईचं मनगट ठणठणीत आहे, ते मीच दुखायला लावलंय. तोंडी सांगायला गेलं की हा उठून जातो. हातात पेन दिलं की आईचं वाक्य अर्धं टाकून उठता येत नाही. आता त्याची मान खाली आहे, पाणी समोर आहे, पण प्यायलेला नाही. तू आता राहतेस तिथे आम्ही यावं का, एवढंच कळव. दार उघडायचं की नाही, ते तुझ्यावर. गाडी आता उजवीकडेही नीट वळते. सहीच्या जागी माझा अंगठा आहे. त्याखाली चार बोटं जागा सोडायला लावलीय. तिथे तो काय लिहील ते मला वाचता येणार नाही, आणि मी विचारणारही नाही.

तुझीच, पट्टी उचलणारी,
आजी

आईनं सांगितलेलं एकही वाक्य गाळलेलं नाही.
— बाबा